शब्बीरभाईंचं इको मशीन

मंगलाष्टकांना इको पाहिजेच, हे खूळ कुणी काढलं देव जाणे! वेल्ह्यात आमच्या चुलतभावाच्या लग्नात, ऐन मुहूर्ताला, स्पीकरवाल्या शब्बीरभाईंचं आवाज घुमवणारं जुनं मशीन चालूच होईना. फ्यूज बदलला, वायर बदलली, वरून चापट्याही मारल्या. माईक-कर्णा चालू होता, पण मशीनचा लाल दिवा काही लागेना. नवरदेवाचे मामा अडून बसले, "इकोबिगर म्या म्हणणार न्हाई!"

शब्बीरभाईंनी गुपचूप कर्णा समोरच्या तोरणा गडाच्या कड्याकडं फिरवला. मामांनी पहिलं "सावधान" म्हटलं, तसं डोंगरातनं "सावधान... धान..." घुमत आलं. मामा लई खूश! पण दुसऱ्या कडव्यानंतर माईकवरच म्हणाले, "भाई, इको जास्त व्हतोय, जरा कमी करा."

भाईंनी गंभीर चेहऱ्यानं त्या मेलेल्या मशीनचं बटण मागं फिरवलं.

पुढचं कडवं म्हणून मामांनी मान डोलावली, "हां, आता कसं बेताचं झालं!"