गादीची कवायत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या माजी सैनिक सेवा मंडळाचे आधारस्तंभ मानद कॅप्टन प्रतापसिंहराव, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या मेजर मोहनाताई, मंडळाचे सारे सभासद आणि त्यांच्या घरची मंडळी, आणि केवळ माझ्याखातर मराठी भाषणं ऐकायला आलेल्या माझ्या शेजारीण कोकिलाबेन, आपणां सर्वांना निरुपमा मोहिते हिचा सविनय नमस्कार. कोकिलाबेन, समजणार नाही तिथे खुशाल डुलकी घ्या. माझ्या वर्गात मुलंही घेत असत.

मोहनाताईंच्या लष्करी इस्पितळातल्या नोकरीविषयी पाहुणे बोलले. वीरपत्नींच्या पेन्शनसाठी त्यांनी कचेऱ्यांचे उंबरठे कसे झिजवले, तेही आपण ऐकलं. माझ्या वाट्याला विषय आला आहे तो सभासदांच्या प्रशिक्षणाचा. विषय कोरडा आहे, थोडक्यात आटपा, असं संयोजकांनी मला प्रेमानं सांगितलं आहे. बघू या किती कोरडा राहतो ते.

ताईंनी दर रविवारी याच सभागृहात वर्ग सुरू केले, तेव्हा इथे काय हलकल्लोळ झाला होता, आठवतं ना? ज्यांनी उभा जन्म हुकूम दिले आणि हुकूम झेलले, त्या सुभेदारांना आणि हवालदारांना ही बाई दार कसं वाजवायचं ते शिकवणार! आजारी किंवा बिथरलेल्या सोबत्याच्या घरी जाताना नेहमी दोघांनी जायचं. दारात मधोमध उभं राहायचं नाही. "शांत व्हा" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, कारण ते ऐकून आजवर कोणीही शांत झालेलं नाही. घरातल्या बाईला नवऱ्यासमोर काही विचारायचं नाही. आणि हत्यार हातात घेतलेल्या माणसाला हातानं धरायला जायचं नाही. गादी घ्यायची, ती ढालीसारखी पुढे धरायची आणि माणसाला भिंतीशी दाबून ठेवायचं. तिला सगळे 'गादीची कवायत' म्हणून हसत. आमच्या घरीही हसले होते. माझे यजमान सुभेदार उदयसिंहराव त्या रविवारी घरी येऊन म्हणाले, "आता म्हातारपणी आम्हांला पिंजाऱ्याचा धंदा शिकवतायत."

ती कवायत पहिल्यांदा खरी झाली ती आमच्या स्वयंपाकघरात.

अध्यक्षमहाराज, आपण चष्मा काढलात. थांबू का मी?

"बोला, वहिनी. सगळं बोला."

आभारी आहे.

उदयसिंहरावांना आपण सगळे ओळखता. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी त्यांच्याच हातात असे. पलटणीतून निवृत्त झाल्यावर इथे बडोद्याजवळ कोयलीच्या कारखान्यात एका ठेकेदाराकडे सुरक्षेचं काम बघत. मंडळाच्या सहलीत गाणी म्हणत, लहान मुलांना खांद्यावर घेत. आणि घरी आल्यावर आधी बूट काढत, मग पट्टा. पट्टा काढण्याचा आवाज आला की आमची अवंती, लहान होती तेव्हा, पलंगाखाली जात असे. मोठी झाल्यावर नोकरी धरून ती परगावी गेली आणि सणालाही येईनाशी झाली.

पहिल्यांदा त्यांनी ताट फेकून मारलं. आमटी गरम होती. पुढे पट्टा आला, मग दाराच्या फटीत बोटं धरून दार लावणं आलं. एकदा त्यांनी मला केसांनी धरून मोरीच्या कठड्यावर आपटलं आणि माझ्या गळ्याखालचं हाड मोडलं. डॉक्टरांना मी सांगितलं, न्हाणीघरात घसरले. डॉक्टर म्हणाले, जपून चालत जा बेन. शाळेत मी मुलांना खोटं बोलू नये असं शिकवत होते आणि स्टाफरूममध्ये रोज एक नवं खोटं सांगत होते.

लोक म्हणतात, बिचाऱ्यानं सीमेवर काय काय पाहिलं असेल. पाहिलंच असेल. त्यांचा जिवाभावाचा सोबती त्यांच्या शेजारी गेला होता. पण मंडळी, या सभागृहात बसलेल्या कित्येकांनी त्याहून भयंकर पाहिलं आहे. त्यांनी बायकांची हाडं मोडली नाहीत.

हयातीच्या दाखल्यांच्या निमित्तानं मोहनाताई आणि हवालदार अविनाशभाऊ आमच्या घरी आले. यजमानांनी हसून स्वागत केलं. अविनाशभाऊंनी त्यांना जुन्या छावण्यांच्या गप्पांत गुंतवलं आणि ताई पाणी प्यायला म्हणून आत आल्या. माझ्या सुजलेल्या मनगटाकडे त्यांनी पाहिलं, पण काय झालं म्हणून विचारलं नाही. हळूच म्हणाल्या, "सुऱ्या कुठे ठेवता?"

मी ताटाळ्याकडे बोट दाखवलं.

"तिथे नका ठेवू. मागचं दार आतून कधी बंद करू नका. आणि आता बघा," असं म्हणून त्या माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर चक्क आडव्या झाल्या. इस्त्रीच्या साडीत! गुडघे पोटाशी घेतले, दोन्ही हात मानेमागे गुंफले. "पळता आलं तर पळायचं. नाहीच आलं तर असं पडायचं. हात गेले तरी चालतील, मान वाचली पाहिजे." उठल्या, पाणी प्यायल्या आणि बाहेर जाऊन यजमानांना म्हणाल्या, "वहिनींच्या हातचं पाणीसुद्धा गोड आहे." जाता जाता त्यांनी आपला नंबर माझ्याकडे नाही, शेजारी कोकिलाबेनकडे ठेवला.

त्या वर्षीच्या दसऱ्याला आम्ही शस्त्रपूजन केलं. पलटणीतल्या मित्रानं दिलेली कुकरी यजमान दरवर्षी लाल कापडावर ठेवत. पूजा करून ते मंडळाच्या कार्यक्रमाला इथे आले. ताईंचं बोलणं माझ्या डोक्यात होतं. मी कुकरी फडक्यात गुंडाळून गव्हाच्या पिंपात खोल खुपसली. सुऱ्या आधीच तिथे होत्या.

ते दुपारी परतले. दारू प्यायलेले नव्हते. लोक नेहमी आधी तेच विचारतात, म्हणून सांगते. देवघरासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझं शस्त्र कुठे आहे?"

"आत ठेवलंय. जेवून घ्या ना. श्रीखंड काढलंय."

"दसऱ्याच्या दिवशी सैनिकाचं शस्त्र लपवतेस?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी ताटाळं खाली ओढलं. सुऱ्या नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. मग कपाट, मग डबे, मग त्यांनी पिंप लाथेनं उलथं केलं आणि गहू स्वयंपाकघरभर पसरला. कुकरी त्यांच्या हातात आली, तेव्हा मी मागच्या दाराकडे धावले. गव्हावरून पाय घसरला. त्यांनी पदर धरून मला मागे खेचलं आणि कुकरीची मूठ माझ्या जबड्यावर हाणली. दोन दात तोंडातच सुटे झाले. दुसऱ्या वेळी त्यांनी मूठ नाही, पातं चालवलं.

मी खाली पडले आणि ताई जशा पडल्या होत्या तशी झाले. गुडघे पोटाशी, हात मानेमागे. एक वार दंडावर बसला. दुखलं नाही, नुसता धक्का लागला. पुढचा कानावर. कान अर्धा सुटून गालावर आला. मी माझंच रक्त गव्हात जिरताना बघत होते. ते प्रत्येक वाराला बोलत होते, "लपवतेस? लपवतेस?" आणि वार बोटांवर, मनगटांवर बसत होते, पण मानेला लागत नव्हते.

बाहेर कोकिलाबेन दार बडवत होत्या. "निरुबेन! बारणुं खोलो!"

यजमान थांबले. आणि अगदी नेहमीच्या, गोड आवाजात आतूनच म्हणाले, "कंई नथी बेन, वासण पड्यां."

भांडी पडली! मला त्या क्षणी जेवढी भीती वाटली, तेवढी कुकरीची वाटली नव्हती. कारण मला कळलं, हा माणूस भानावर आहे.

पण ज्या बाईनं इतकी वर्षं भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं, ती भांड्यांना फसणार होती का? कोकिलाबेननी आधी पोलिसांना आणि मग ताईंना फोन केला. ताई आणि अविनाशभाऊ अजून इथे सभागृहातच होते. स्कूटरवरून ते पोलिसांच्या आधी पोचले आणि मागच्या दारानं आत आले. दाराला कडी नव्हती.

"उदयसिंहराव, मी मोहना. मी आत येतेय."

त्या ओरडल्या नाहीत. यजमान वळले. ताईंना तेवढंच हवं होतं, त्यांची पाठ माझ्याकडे व्हावी.

"मॅडम, बाहेर व्हा. हा घरचा मामला आहे."

"हो. मी इथेच उभी आहे. माझ्याकडे बघा."

"बाहेर व्हा म्हणतो ना!"

त्यांनी कुकरी फिरवली. ताईंचा डावा हात उघडा, पुढे धरलेला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गव्हावर पडलं. ताई किंचाळल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "अविनाश."

मागच्या ओट्यावरच्या खाटेची गादी घेऊन अविनाशभाऊ आत घुसले आणि त्या गादीसकट यजमानांवर जाऊन आदळले. भिंतीवरचं घड्याळ खाली फुटलं. यजमान गादीत कुकरी खुपसत होते, कापूस उडत होता. एकदा पातं आरपार आलं आणि अविनाशभाऊंच्या बरगडीवरून घासत गेलं. पण त्यांनी गादी सोडली नाही. यजमानांनी शिव्या दिल्या, डोकं भिंतीवर आपटलं, आणि शेवटी रडायला लागले. त्यांच्या मेलेल्या सोबत्याला हाका मारत होते. अविनाशभाऊही रडत होते आणि दाबत होते.

ताईंनी एका हातानं माझा कान टॉवेलनं दाबून धरला होता. दुसऱ्या हातातून त्यांचं रक्त माझ्या पोटावर गळत होतं. "निरुपमा, झोपायचं नाही. पाढे म्हणा."

"कितीचा?"

"अवघड असेल तो."

मी एकोणतिसाचा म्हणायला लागले. पोलीस आले तेव्हा मी तो तिसऱ्यांदा म्हणत होते.

इस्पितळात अध्यक्षमहाराज भेटायला आले. मंडळाची काळजी त्यांना होती, ती कुणाला नसावी? ते म्हणाले, "वहिनी, इतक्या वर्षांचं मंडळाचं नाव आहे. उपचार करू त्याचे. पण तक्रार नको." माझा जबडा तारेनं बांधलेला होता. मी बोलू शकत नव्हते. शेजारच्या खाटेवरून ताई म्हणाल्या, "तिची तक्रार तिची आहे, ती ठरवेल. माझी बोटं माझी आहेत. माझी तक्रार मी लिहून दिलीये."

मी हातानं खूण करून कागद मागितला.

पुढे कोर्टात वकिलांनी मला विचारलं, इतका त्रास होता तर घर सोडून का गेला नाहीत? मी म्हटलं, घर माझंही होतं. आजही आहे. मी तिथेच राहते. उदयसिंहराव शिक्षा भोगून सुटले, जवळच पादरा गावी धाकट्या भावाकडे असतात, औषधं घेतात. गेल्या दिवाळीत भाऊजी विचारायला आले, दादाला परत यायचंय. मी त्यांना चहा दिला, फराळाचा डबा दिला आणि नाही म्हटलं. मला त्यांचा राग राहिला नाही. भीती मात्र राहिली आहे. कोणी पंख्याचं बटण दाबायला झटकन हात वर केला तरी मी अजून खाली बसते.

आणि एक गोष्ट ताईंनी स्वतः प्रत्येक वर्गात सांगितली आहे, म्हणून मी सांगते. सुऱ्या लपवायचा सल्ला त्यांचा होता, आणि लपवलेलं सापडल्यावर काय होतं याचा विचार त्यांनी केला नव्हता. मी बरी होऊन आले, तेव्हा त्यांनी आधी माझी क्षमा मागितली आणि मग प्रशिक्षण बदललं. आता आपण बाईला वस्तू लपवायला सांगत नाही. आधी तिला बाहेर काढतो. इतकी मोठी झालेली माणसं आपल्या वर्गासमोर "मी चुकले" म्हणताना आपण किती वेळा पाहतो? प्रतापसिंहरावांनाही मी पुढच्याच रविवारी पाहिलं, या वयात, गादीपलीकडे बिथरलेल्या माणसाच्या जागी उभं राहून तरुण सभासदांच्या धक्क्यांनी भिंतीवर आदळताना. त्यानंतर या मंडळात 'सांभाळून घ्या' असं कुठल्याही वहिनीला कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मोहनाताई बेळगावला बहिणीकडे चालल्या आहेत. रविवारचा वर्ग त्यांनी माझ्यावर सोपवला आहे. सैनिक नसलेल्या बाईचं माजी सैनिक ऐकतील का, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही जे झेललंय ते ऐकूनही ज्याला हसू येईल, त्याला सभासद ठेवायचं कशाला?"

ताई, तुमचा उजवा हात कालच हातात घेऊन मी रडले आहे. आज इथे रडत नाही. माझा श्वास चालू आहे तो तुमच्यामुळे. त्याला आभार हा शब्द फार लहान पडतो, तरी तोच म्हणते. अविनाशभाऊ, आपलेही. कोकिलाबेन, तमारो पण.

आता शेवटचं. हा मे महिना आहे. बडोद्याच्या उन्हात आपण सगळे वारा घेत बसलो आहोत, आणि तरी या सभागृहात कोणी एक जण मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून बसलेली असेल. असेलच असं नाही. मी कुणाकडे बघून बोलत नाही. भाषणं संपली की पुरुषमंडळी अल्पोपाहाराच्या टेबलाकडे जातील. मी मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीशी उभी असेन. मी काही विचारणार नाही.

पाच मिनिटांची पंचवीस केली, अध्यक्षांना व्यासपीठावर बसवून त्यांच्याच गोष्टी सांगितल्या, निरोपाच्या गोड प्रसंगी रक्ताच्या गोष्टी काढल्या. बोलण्यात काही उणंदुणं झालं असेल तर मोठ्या मनानं पदरात घ्या.

मी टाकीशी आहे.