लांब पोस्टीची कमाई

शिक्रापूरला एसटीची वाट बघणाऱ्या सारजाबाईंनी पिशवी आवरायचं नाटक करत शेजारच्या नवरा-बायकोकडं कान लावले.

"त्या ब्लॉगच्या साइटवर वाचकांनी मतं दिली की लेखकाला कॉइन मिळतं, ते इकलं की पैसा. हजारभर पोस्टी तपासल्या, भाग्यश्री. लांब लिहिणाराच कमावतो."

"आपल्या लग्नात सोसायटीचे चेअरमन अर्धा तास आशीर्वाद देत बसले, तवा टाळ्या पडल्या ना?"

"लई!"

"मग माझे मामा तेवढंच बोलाया लागले, तर लोकांनी मधीच अक्षता टाकल्या. टाळ्या लांबीला व्हत्या का खुर्चीला?"

"...आता गं? लांब पोस्टी लिहूनच कमवायचं म्हणून कंपनीला राजीनामा मेल करून बसलोय."

"केवढा लिहिलाय?"

"आठ पानं. नोकरी सोडतो ही ओळ शेवटी हाय."

"मग साहेब तिथवर वाचायचे न्हाईत. गुपचूप ड्युटीवर जावा."