कावळखिंडीत गाडी ढकलणारे

ऐका. आणि मधी कुणी बोलायचं न्हाई. ए सुभद्रे, सोड ती काहील, शिजाय घातल्याली हळद काय पळून जात न्हाई. जाळ बघायला आमचं मालक बसल्यात की तिकडं चुलवाणापाशी. बसू देत. त्यांनी पण ऐकावं.

कावळखिंडीची गोष्ट तुम्ही ऐकलीया, मला ठावं हाय. सर्जेराव, म्हंजी आमचं हेच मालक, रातचं खिंडीतनं कसं आलं, शेजारी भूत बसलं तरी गाडी कशी हाणली, काय ते धाडस! पारावर हजारदा सांगून झालंय. पण ती गोष्ट गाडीच्या आत बसून सांगितल्याली. मी मागं हुते. मागनं काय दिसलं ते आज ऐका.

आधी ती गाडी सांगते. भुतापरास वंगाळ ती हुती!

सोळा-सतरा वर्सं झाली ती घेऊन. पुण्याच्या कुण्या बिल्डरनं वापरल्याली, मग त्याच्या मेव्हण्यानं वापरल्याली, मग आणि कुणी कटाळून टाकून दिल्याली विलायती गाडी. चारी चाकांनी ओढणारी. नवी हुती तवा म्हणं दोन बंगल्यांच्या मोलाची. आमच्या मालकांना म्हशीच्या भावात मिळाली. अवो, एवढी स्वस्त का, हे इचारावं तरी! न्हाई इचारलं. पेढं वाटलं. आणि ओवाळलं कुणी? मीच, ह्या हातांनी.

आठ दिवसांत एकेक भायेर यायला लागलं. छताचं कापड सुटून डोक्यावर लोंबायचं. माझ्या साडीच्या पिना लावून मी ते वर टाचलं. ड्रायव्हरची सीट गरम करायची सोय हुती, कुठल्या थंड मुलखातल्या साहेबासाठी. ती एकदा चालू झाली ती बंदच होईना. चैताच्या उन्हात आमचं मालक तव्यावर बसल्यागत! स्टेरिंगच्या पुढं तांबडं-पिवळं दिवं, सगळं कायम पेटल्यालं. मेस्त्री म्हणाला, "काकी, तिकडं बघू नका, उगं जीव घाबरा हुतोय." आणि रातभर उभी केली की मागच्या हवेच्या स्प्रिंगातनं हवा जाऊन खाली बसायची. सकाळी बघावं तर नाक वर, बूड भुईला.

त्यात स्टार्टर गेला. पार्ट परदेशातनं येतोय म्हणं. दोन वर्सं येतच हुता. तवर काय? ढकला! आधी पोरं यायची हौसेनं. मग आमची गाडी लांबनं दिसली की पार रिकामा. शाळेचं मास्तर दाराआड लपल्यालं मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. मग राहिलं कोण? बायको. हे स्टेरिंगवर, गॉगल लावून, रुबाबात. आणि मी मागं, पदर खोचून. गाडी सदा उतारावर लावायची. मी धक्का द्यायचा, ती सुरू झाली की पळत जाऊन चालत्या गाडीत उडी मारायची. थांबायची न्हाई हं! थांबली की बंद पडायची. किती येळा गुडघं फोडून घेतलं मी! एकदा तरी खाली उतरून बघितलंत का वो? खोटं बोलते का मी? बघा, लाकडं सारत्यात.

तर त्या दिवशी माझ्या भावाच्या गावची जत्रा. पुसाचा महिना. जेवणं झाली, दिवस बुडाला, चांगला अंधार पडला, आणि मालक उठलं. म्हणालं, "चला, निघूया."

जोतीरामदादा म्हणाला, "पावणं, राहा की. रातचं कुठं जाता?"

"खिंडीतनं पाऊण तासात घरी."

दादा सुपारी कातरत हुता, त्याचा हात थांबला. "खिंडीतनं? डांबरीनं जावा की फिरून."

"डांबरीनं कुणाची बी गाडी जाती. ही चारी चाकांनी ओढती, पावणं!"

दादानं मला आत बोलावलं. "शेवंते, खिंडीत बंद पडली तर उतरू नको. सकाळपतूर आत बस. तिथं कोण हाय, ठावं हाय न्हवं?"

ठावं हुतं. आम्ही ल्हान असताना वऱ्हाडाचा ट्रक तिथं बंद पडला हुता. बाया-बापये खाली उतरून मागनं ढकलाय लागली. ट्रक सरकला मागं. अकरा माणसं चाकाखाली! तवापासनं तिथं कुणाची गाडी अडली की ढकलायला माणसं येत्यात, असं अख्खा मुलूख म्हणायचा. वहिनीनं मटणाचा डबा भरला हुता, तो पण माघारी घेतला. रातचं खिंडीतनं मटण नेऊ नका, म्हणाली.

निघालो. खरं ते सांगते, चढ चढली बया. दगडगोटं, बैलगाडीची जुनी चाकोरी, समद्यातनं ओढली तिनं. मालक खूश! "बघितलंस? बघितलंस?" आणि माथ्यावर, सपाटीला आलो, आणि खाट्! बंद. दिवं तेवढं जळत्यात तांबडं-पिवळं. उतार पुढं चाळीस पावलांवर.

"उतर," म्हणालं हे.

"दादा काय म्हणाला?"

"तुझ्या दादाला गाडीतलं काय कळतंय? चाळीस पावलं तर ढकलायची. उतर."

"मग तुम्ही उतरा. मी धरते स्टेरिंग."

हासलं! ह्यावर हासलं हे!

उतरले मी. चुकलं का? चुकलंच. पण वीस वर्सं हू म्हणायची सवय लागल्याली. पदर खोचला, मागच्या दाराला हात लावलं, लावला जोर. हलंना. पुन्हा लावला. हलंना. तिसऱ्या बारीला अशी अलगद निघाली, जशी रिकामी हातगाडी! मला वाटलं, उतार लागला. बघते तर उतार अजून लांब.

मग बांगड्या वाजल्या.

माझ्या हातात दोन-दोन. ह्या डझनानं वाजत हुत्या, चुडा भरल्याल्या! मान खाली हुती, तशीच ठिवली मी. दारावर माझं दोन हात, आणि अल्याड-पल्याड हात. हातच हात, बायांनो! हळद लागल्यालं, मेंदी काढल्यालं. एक बापयाचा, मनगटाला घड्याळ, काच फुटल्याली. एक तर पार चपटा, बोटं पसरल्याली, भाकरी थापल्यागत. त्वांडं न्हाई बघितली मी. देवाशप्पत न्हाई बघितली! मोगऱ्याचा वास सुटला हुता. पुसात मोगरा! आणि कानापाशी कुणीतरी हळू म्हणालं, "हय्या." मागनं सगळी म्हणाली, "हय्या."

ओरडावं तर तोंड उघडंना. पाय आपोआप चालत्यात. उतार लागला, गाडीनं दोन हिसकं खाल्लं, आणि सुरू झाली! मी पळाले. डाव्या दाराला हात घालणार, तवर माझ्या पुढनं कुणीतरी पळालं. हिरवी साडी. माझी साडी! माझ्या अंगावर हुती तीच! माझ्यागत पदर खोचल्याला, माझ्यागत उजवा पाय आधी आत. दार लागलं. काचेतनं मला माझाच अंबाडा दिसला.

"अवो, थांबा! मी हिकडं हाय! हिकडं!"

आता नीट ऐका. ह्यांच्या बाजूची काच वर होत नव्हती, सदा उघडी. त्यातनं ह्यांनी डोकं भायेर काढलं. मागं वळून बघितलं. मागचा तांबडा दिवा सरळ माझ्या तोंडावर. दहा पावलांवर मी हुते, आणि माझ्या मागं ती सगळी. ह्यांनी बघितलं. डोकं आत घेतलं. आणि गाडी पळवली.

माझं दोन्ही हात धरलं कुणीतरी. डावीकडनं एकीनं, उजवीकडनं एकीनं. असं गार हात की कळ डोक्यात गेली! डावीकडली करवली हुती, पायात पैंजण. "घाबरू नको," म्हणाली. "तुझं माणूस माघारी आलं तर तू जा. न्हाई आलं, तर तू आमच्यातली."

"ढकलायला एक कमीच पडतंय," उजवीकडली म्हणाली.

खिंडीतनं खालचा समदा रस्ता दिसतो. पाच वळणं हायती. गाडीचा उजेड पहिल्या वळणाला गेला. "थांबंल," करवली म्हणाली. न्हाई थांबला. मागं सगळी हासली, हळू, तोंड दाबून. माझी बोटं बधिर झाली. दुसरं वळण. "आता थांबंल. बायको हाय म्हणल्यावर थांबंल." न्हाई. पुन्हा हासली. बघते तर माझा हात पिवळा पडाय लागलाय! मनगट पिवळं. कोपर पिवळं. तिसरं वळण आलं, गेलं. तो घड्याळवाला म्हणाला, "आमचा बी थांबला न्हवता."

तवा मला कळलं. ट्रक मागं सरकता सरकता सुरू झाला हुता. ड्रायव्हरनं बघितलं, खाली माणसं. आणि तो तसाच गाडी काढून निघून गेला. हे कुणी कधी बोललं न्हवतं आमच्यात.

चौथं वळण. उजेड तिथं जरा हळू झाला. माझा जीव असा वर आला! मनात म्हणलं, आता थांबत्यात, आता माघारी येत्यात. न्हाई. गिअर बदलला हुता फक्त. पिवळं खांद्याला लागलं.

आणि मला राग आला. भ्या कुठल्या कुठं गेलं, नुसता राग! तोंड उघडत न्हवतं ते उघडलं. त्या खाली जाणाऱ्या उजेडाला बघून मी सुरू झाले. "मुडदा बशीवला तुझ्या गाडीचा! आग लागो तिला! त्या गरम सीटवर भाजून मर! वीस वर्सं रांधून घातलं, तुझ्या तोंडात माती पडो! मला सोडून जातोस? तुझं वाटोळं होवो!" आणि काय काय म्हणले, ते पोरींच्या देखत सांगत न्हाई.

सगळी हासायची थांबली. मग करवली हळूच म्हणाली, "मुडदा बशीवला त्याचा."

मी म्हणलं, "कुणाचा?"

"आमच्या ड्रायव्हरचा."

मग उजवीकडलीनं तोंड सोडलं. मग मागच्यांनी. एकदा सुरू झाल्यावर बाया थांबत्यात व्हय? इतक्या वर्सांचं साठल्यालं! खिंड नुसती दणाणली. आणि बाई कुणाला शाप देती तवा हातांनी काय करती? सांगा की सुनांनो! बोटं मोडती! कानशिलाला लावून कडाकडा! आणि त्याला दोन्ही हात लागत्यात.

करवलीनं बोटं मोडली, कड्! उजवीकडलीनं मोडली, कड् कड्! माझं हात सुटलं.

पळाले! वळणं कोण घेतंय? सरळ खाली, करवंदीच्या जाळीतनं, घसरत, पडत, चपला कुठं गेल्या त्याचा पत्ता न्हाई. मागनं हाक आली. ह्यांच्या आवाजात. "शेवंते, थांब. मी आलोय तुला न्यायला." हुबेहूब ह्यांचा आवाज, बायांनो! रडू फुटलं मला. पाय थांबत हुतं, खरंच थांबत हुतं. पण ह्यांनी असं जल्मात कधी म्हणलं न्हवतं. त्यावरनं कळलं, हे आपलं माणूस न्हवं. न्हाई थांबले.

खाली ओढ्याच्या पुलापाशी गाडी उभी. बंद पडल्याली, मागनं भुईला बसल्याली. हे आत, दोन्ही हात स्टेरिंगवर, दातखीळ बसल्याली. शेजारची सीट रिकामी, आणि सीटवर ओली हळद. मी ह्यांच्या एक थोबाडीत दिली. पहिली आणि शेवटची. तवा शुद्ध आली. माझ्याकडं बघून म्हणालं, "तू तर शेजारी बसली हुतीस."

म्हणलं, "मग डोकं भायेर काढून कुणाला बघितलंत?"

गप. घरापतूर चालत आलो, गप. आजपतूर गप. माझ्या हाताचं पिवळं आठ दिवसांनी उतरलं. गाडीला मी पुन्हा हात लावला न्हाई. ती परसात सडतीया, कोंबड्या बसत्यात तिच्यात.

गावाला हे सांगत्यात, भुतानं फसवलं. मी पण चौदा वर्सं मनाला तेच सांगत आले. अंधार हुता, दिसलं नसंल. एका घरात राहायचं म्हणल्यावर काहीतरी सांगायला लागतं की मनाला.

काय? काय म्हणालात?

गप बसा रं सगळी! चुलवाणापाशी काय म्हणालात वो? मोठ्यानं म्हणा. सगळ्यांना ऐकू दे.

ऐकलंत? "दिसली हुती." दिसली हुती म्हणत्यात! चौदा वर्सांनी!

आणि? पुढं बोला की. आता खाली काय बघताय? दिसली हुती, आणि?

"थांबवली असती तर बंद पडली असती."

मला वाटायचं, एकदा ह्यांच्या तोंडनं ऐकलं की राग जाईल माझा. न्हाई गेला. उलट आत्ता जास्त आलाय.

तर ऐका. कावळखिंडीतनं रातचं जायचं न्हाई. कुणी न्हाई, कुठल्या बी गाडीनं न्हाई. आणि गेलातच, आणि तिथं गाडी बंद पडली, तर बाईनं खाली पाय ठेवायचा न्हाई. सुभद्रे, इकडं बघ, तुला सांगते. नवरा कितीबी म्हणू दे. उतरायचं न्हाई.