उभ्या गाडीचा आवाज

सत्त्याहत्तरचा उन्हाळा. वर्ध्याच्या स्टँडजवळ, गॅरेजच्या सावलीत तानाबाई एस.टी.ची वाट पाहत बसली होती. वामनराव आपली जुनी मोटार घेऊन आले आणि प्रेमदास मिस्त्रीनं बॉनेट उघडलं.

"हिंगणघाटले जाऊन आलो, काही नाई झालं. इथल्या इथं सिंदी मेघेत गेली का तापते."

"तिथं थांबवता कुठं?"

"पोरीच्या घरासमोर, निंबाखाली."

"इंजिन बंद नाई करत?"

"नाई."

"काऊन जी? उभ्या गाडीले हवा लागत नाई. तापनच."

"लग्नापासून बोलत नाई ते माह्यासंग. पन लहानपणी आवाजावरून गाडी ओळखे. फाटकाकडं धावत सुटे."

"अन् आता?"

"अजून तं नाई आली."

"हॉर्न वाजवून पाहा."

"हॉर्न तं कोणाचाबी असते, प्रेमदास."

एस.टी. लागली होती, पण तानाबाईचा पाय निघेना.

प्रेमदासनं पंख्याचा पट्टा दाबून पाहिला. "हा ढिला हाय, म्हणून किरकिरते. नवा टाकून देतो. मंग घंटाभर उभी ठेवा, तापणार नाई."

"किरकिर तं पयलेपासूनच हाय."

"तेबी बंद होईन जी."

वामनरावांनी बॉनेट हळूच खाली घेतलं.

"मंग राहू दे. मले पाण्याचा डबा भरून दे."