हाताचा गुण

नाव शर्मिला अभय रणपिसे, वय ३९ वर्षे, धंदा नोकरी (कर्करोग रुग्णालयात परिचारिका), राहणार कात्रज, पुणे.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगते की, मी केमोथेरपी विभागात काम करते. तिथले रुग्ण कोंडीराम घोलप, वय ६८, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त, यांनी सोमवारी सकाळी स्टीलचा पेला फेकला. तो माझ्या कपाळाला लागला व टाके पडले. रुग्णालयाने तक्रार दिल्याने मला बोलावले आहे.

घोलपकाका तापट आहेत. चहा गार असो की गरम, शिवी ठरलेली. पहिल्या दिवशी त्यांची शीर मला एका टोचण्यात सापडली. तेव्हापासून 'तुमच्याच हाताला गुण आहे' म्हणून ते दुसऱ्या कोणाला सुई लावू देईनात. माझी सुट्टी असली की उपचार न घेता घरी जात. डोस चुकू नये म्हणून मी सुट्टीच्या दिवशीही गेले. मग त्यांचे माझ्या घरी फोन सुरू झाले. माझे पती म्हणाले, "तू तिकडेच राहायला जा."

सोमवारी मी काकांना स्पष्ट सांगितले की यापुढे सुट्टीला येणार नाही, प्रियदर्शनी सिस्टर सुई लावतील. "अहो काका, सुई टोचायचीय, मुहूर्त नाही काढायचा." त्यावर "मी मेलो तर तुमच्या डोक्यावर" असे ओरडून त्यांनी पेला भिंतीकडे भिरकावला. मध्ये मी होते.

गुन्हा दाखल झाल्यास आमच्याकडे त्यांचे पुढचे उपचार बंद होतील असे व्यवस्थापनाने सांगितले. औषध लागू पडत आहे. आता खंड पडला तर माणूस हातचा जाईल. म्हणून मला गुन्हा नोंदवायचा नाही. दया आली म्हणून नव्हे. मला राग आला होता, अजून आहे. त्यांनी वॉर्डात सर्वांसमोर माफी मागावी, घरी फोन करू नये आणि ड्यूटीवर असेल त्या सिस्टरकडून सुई घ्यावी, हे मी त्यांना त्यांच्या सुनेदेखत बजावले आहे. माफी त्यांनी मागितली. शिवी न देता मागितली.

आज त्यांचा डोस होता आणि माझी सुट्टी. मी गेले नाही. इथे येताना प्रियदर्शनीचा फोन आला. काकांनी डोळे घट्ट मिटून हात पुढे केला आणि सुई लागल्यावर म्हणाले, "हिचाही हात हलका आहे की!" ऐकून मला फार बरे वाटले. थोडे वाईटही वाटले.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. शेवटचे वाक्य तपासाच्या कामाचे नाही, काढू का, असे हवालदारांनी विचारले. राहू द्या म्हटले, तेही खरेच आहे. सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिले आहे.