फाट्यावरची पाटी

नाही नाही, तळं दोन किलोमीटर नाही ताई, सात. सात म्हणजे सात — कोणी सांगितलं तुम्हाला दोन? चहावाल्यानं? तरीच. त्याचं काही मनावर घेऊ नका, तो स्वतः तळ्यावर शेवटचा गेला असेल शाळेच्या सहलीला. बसा. त्या स्टुलावर नको, इकडे बाकावर — वाळलाय रंग, कपड्यांना लागायचा नाही. जीपवाल्याला मी सांगून ठेवलंय, अकरापर्यंत येईल, म्हणजे सव्वाअकरा धरा. काठापर्यंत सोडेल, तिथं थांबेल, परत आणेल. चालत जायचं नाव काढू नका. चालायला आवडतं हे ठीक आहे, सगळ्यांनाच आवडतं पहिले तीन किलोमीटर. पुढं सगळा उघडा माळ आहे, सावलीला एक झाड, बाकी दगड. आणि हे ऊन — सकाळचं साधं वाटतं, दहानंतर बघा काय करतं ते.

काल संध्याकाळी गाव बघून आलात ना? झालं मग. एक रस्ता, त्यावर चौदा दुकानं, त्यातली सहा बंद. बंद दुकानांच्याही पाट्या बघितल्यात का? माझ्याच सगळ्या. शिंपी गेला मुलाकडे राहायला, घड्याळवाला वारला, पाट्या आहेत अजून कालच रंगवल्यासारख्या. गावात पेंटर मी एकटाच — माझं खरं नाव विचारलंत तर चार माणसांना सांगता यायचं नाही, पेंटर म्हटलं की शेंबडं पोरही आणून सोडेल. खाली हे दुकान, वर त्या दोन खोल्या, तुमच्यासारखं कोणी आलं तर देतो. येतं कोण? शांतता हवी म्हणून आलात म्हणालात ना — शांतता भरपूर आहे, हवी तेवढी न्या, आम्हाला नकोशी झालीय. मोठा रस्ता पलीकडून गेला आणि गाव बाजूला पडलं, तेव्हापासून ही अशी शांतता.

चहावाल्याचं म्हणत होतो मी. त्याला खोटारडा समजू नका हं. इथली रीतच आहे ती. इथं कोणालाही वाट विचारा, 'हे काय, इथंच' असंच म्हणणार. नदी कुठाय — इथंच. स्टेशन — इथंच, हे असं वळलं की. स्टेशन अकरा किलोमीटर आहे. पण आलेल्या माणसाला तोंडावर 'लांब आहे' म्हणायचं, त्याचे पाय मोडायचे, हे आमच्याकडे बरं दिसत नाही. माझे वडील तर आजाऱ्यालाही असंच सांगायचे, झालं, आठवड्यात हिंडू-फिरू लागशील. निम्म्यावर पोचला की माणूस उरलेलं चालतोच, परत काय फिरतोय, असं सगळ्यांचं म्हणणं. माझंही होतं. तोंडानं सांगितलेलं चालून जातं हो. ऐकणाराही मनातल्या मनात दुप्पट करून घेतो. पाटीवर लिहिलेलं कोणी दुप्पट करत नाही, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. माझ्या तरी यायला हवं होतं, आयुष्य गेलं माझं पाट्यांत.

तर मोठा रस्ता गेल्यावर गावात समिती झाली. लोकांना इकडे वळवायचं. अध्यक्ष आमचा औषधवाला. काय आहे आपल्याकडे दाखवायला, तर तळं. मग फाट्यावर, जिथून बस आत गावाकडे वळते, तिथं मोठी पाटी लावायची ठरली. पाटी कोण करणार, मी. बैठकीत सगळे म्हणाले, सात किलोमीटर वाचलं तर कोणी गाडीतून उतरायचं नाही. मग ठरलं की — समितीनं ठरवलं ते. दोन लिहायचं. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, खाली बाण. चांगली झाली होती हो पाटी, लांबून वाचता यायची. आणि लोक आले, खोटं कशाला बोलू, यायला लागले. सात चालून गेलेले परत येऊन शिव्या घालायचे, पण हसत घालायचे. तळं बघून माणसाचा राग जातो. तुम्ही बघालच.

नाही. ते समितीचं — समितीनं मान डोलावली. दोन म्हणालो मीच. अध्यक्ष म्हणत होता, पाच लिही. पाच निदान लाजेकाजेस्तव तरी सातच्या जवळ होतं. मी म्हटलं, पाचसाठी पण कोणी उतरणार नाही, दोन लिहू. सगळे हसले, मलाही फार हुशार असल्यासारखं वाटलं. हे मी आजवर कोणाला बोललो नव्हतो, आज कसं निघालं तोंडातून कोण जाणे. तुम्ही काही विचारलंही नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात एक नवरा-बायको आले. वय झालेली माणसं, तो निवृत्त, ती पण. तिनं तीस वर्षं तिकीट खिडकीवर काम केलेलं — आकड्यातली बाई. दोघं बसनं आली, फाट्यावर उतरून पाटी वाचली, मग सामान टाकायला इथं. वरचीच खोली, तुमची आहे ती. तिचा गुडघा धरला होता. ती म्हणाली, अहो तुम्ही जाऊन या, दोन किलोमीटर तर आहे, तासाभरात परत याल, मी बसते यांच्या दुकानात. तो निघाला. छत्री नाही. पाण्याची बाटली तिच्या पिशवीत होती, ती द्यायला गेली तर म्हणाला, दोन किलोमीटरला काय पाणी लागतंय, तुझ्याजवळच असू दे. ती त्या स्टुलावर बसली. मी इथं, एका सभागृहाची पाटी करत होतो. मी ऐकलं सगळं. माझ्या देखत निघाला तो. हाक मारायची होती फक्त — काका, सात आहे, रिक्षा बघतो. एवढंच. पण मग पाटीचं सांगावं लागलं असतं. म्हटलं, जाईल, थकेल, येईल परत शिव्या घालत. सगळेच यायचे की.

एक तास झाला, ती म्हणाली रमले असतील. दोन तास झाले. ती मला विचारते, वाट चुकण्यासारखी आहे का हो? मी म्हटलं, नाही मावशी, सरळ वाट आहे. आणि अक्षरं भरत बसलो. तिसऱ्या तासाला तिनं ती बाटली मांडीवर घेतली. माझं एक अक्षर बिघडलं, ते पुसून परत केलं, पण उठलो नाही. शेवटी तीच उठली, तो गुडघा घेऊन, रस्त्यावर जाऊन चहावाल्याला म्हणाली, कोणाला तरी पाठवा. पाचव्या किलोमीटरला सापडला. त्या झाडापर्यंतही पोचला नव्हता. डॉक्टर म्हणाला, ऊन लागून गेलेत. तिनं काय केलं माहितीय, बाटलीचं झाकण उघडलं आणि त्याच्या तोंडाला लावली. कोणाच्यानं तिचा हात धरवेना.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव झोपलेलं, मी टर्पेंटाइन, चिंधी आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेतला आणि सायकल काढली. कोणी सांगितलं नव्हतं मला. अध्यक्षानं नाही, कोणी नाही. अर्ध्या तासाचं काम. दोन पुसलं, सात केलं, वर थोडी माती फासली, जुनं दिसावं म्हणून. तिसऱ्या दिवशी हवालदार आला चौकशीला. ती म्हणाली, पाटीवर दोन लिहिलं होतं. सगळे फाट्यावर गेलो. सात. हवालदारानं मला विचारलं, पाटी तुझी, काय होतं रे? मी म्हटलं, पहिल्यापासून सातच. गावानं काय केलं? प्रत्येकाला वाटलं दुसरा बोलेल. आणि तिचा मुलगा आला होता, तो म्हणाला, आई, बघ ना, सात आहे. तू नीट वाचलं नसशील. ती पाटीकडे बघत उभी राहिली. तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माझ्याकडे बघितलं. रागानं नाही हो. विचारावं तसं. मी मान खाली घातली.

झालं, एवढंच असतं तरी मी निभावून नेलं असतं, माणूस निर्लज्ज असतो. पण परवा त्या मुलाचा फोन आला. म्हणाला, आई वर्षभर एकच म्हणतेय, दोन होतं. आणि आता तिचा स्वतःवरच विश्वास राहिलेला नाही. औषधाचं नाव शेजारणीकडून वाचून घेते. दाराचा नंबर दहा दहा वेळा बघते. एकटी बाहेर जात नाही. तीस वर्षं तिकिटं दिलेली बाई. डॉक्टर म्हणतायत की विसरायचा आजार सुरू झालाय, तिला एकदा समोर नेऊन पाटी दाखवा, पटलं की शांत होईल. एका वृद्धाश्रमात तिची सोयही केलीय मुलानं, सही तेवढी तिची हवी, ती देत नाही. आणि तो मला म्हणतो, काका, तुम्हीच दाखवा. पाटी तुम्ही रंगवलीत, तुमच्या तोंडून ऐकलं की तिला पटेल. चांगला मुलगा आहे हो. आईसाठी जीव तुटतो त्याचा. मी काय म्हणालो? या म्हणालो.

आज येणार आहेत. अकराच्या बसनं.

आमची ही सकाळीच बहिणीकडे निघून गेली. म्हणाली, सांगून टाका, नाहीतर मला त्या बाईंपुढे चहा घेऊन जाता यायचं नाही. तिला जायला काय झालं. सांगायचं म्हणजे काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची? काल काय केलं मी — हसाल तुम्ही — काल डबा काढला आणि फाट्यावर गेलो. म्हटलं, परत दोन करावं. म्हणजे ती येईल, बघेल, मुलाला म्हणेल बघ, माझं बरोबर होतं, आणि मला एक शब्द बोलायला लागणार नाही. बघा हे डोकं. एक खोटं पुसायला दुसरं रंगवायला निघालो होतो. ब्रश बुडवला, आणि तसाच परत आलो.

ताई, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही सांगाल का तिला? तुम्ही परक्या, तुमचं काही जात नाही. चार वाक्यं. पेंटरनं पाटी बदलली, मावशी, तुमचे डोळे ठीक आहेत, तुमचं डोकं ठीक आहे, कागदावर सही करू नका. बस. मी इथं उभा राहीन ना, पळून जाणार नाही. मुलानं मारलं तर मारू दे. फक्त तोंड माझ्यानं — हं. बरोबर आहे. नाही, बरोबर आहे तुमचं, मान हलवलीत ते. माझंच मला सांगायला हवं. सांगणार आहेच मी. आता ती आली की आधी बसवतो, पाणी देतो, आणि सांगतो. पहिलंच वाक्य तेच. पाठ केलंय मी, मावशी, तुम्ही बरोबर वाचलं होतं. एवढं म्हटलं की पुढचं आपोआप येईल.

आली बघा. जीप नाही हो, बस. ती काय, हिरव्या साडीतली. केवढी वाळलीय. मुलानं हात धरलाय. तुम्ही उठू नका, बसा, मला जरा बरं वाटतं कोणी असलं की.

या, या. सांभाळून मावशी, पायरी उंच आहे. बसा ना, आधी बसा, पाणी — अं? काय म्हणालात? वाचलीत? बसच्या खिडकीतून — हो, बस फाट्यावरूनच वळते, माझ्या ध्यानातच — हो. सात. सातच आहे. अहो नाही, हात काय जोडता, मला लाजवू नका. माझ्यावर कसला आळ घेतलात तुम्ही, काही आळ घेतला नाहीत. चार माणसांत मला खोटं पाडलंत म्हणून — नाही हो मावशी, माझ्या मनात काही नाही. तुमची चूक — तुमच्याकडून काही — तुम्हाला माहितीय का, मी आज तुम्हाला एक — मुलाला काय सांगताय? आण ते कागद, करते सही?

मावशी, जरा थांबा. ती पाटी. त्या पाटीचं ना, असं आहे —

होतं असं. वय झालं की होतं.

ताई, ती तुमची जीप आली, हॉर्न वाजवतोय तो. अशा बघू नका माझ्याकडे. निघा तुम्ही. निघा म्हणतो ना.