मंचाची साक्षीदार

(दुपार. लॉन्ड्रीचं दुकान. ताई टेबलापाशी इस्त्री करते आहे. तिचा धाकटा भाऊ, वकील, काउंटर ओलांडून आत येऊन उभा आहे.)

वकील: चार ओळी, ताई. समितीला चार ओळींचं पत्र द्यायचं. प्रकृती ठीक नव्हती, वयोमानानुसार गोंधळ झाला, सुनावणीत बोलले ते मागे घेते. मजकूर मी करतो. तू फक्त सही कर.

ताई: हात काढ तिथून. भाजेल.

वकील: मी गंभीरपणे बोलतोय.

ताई: मीसुद्धा. इस्त्री तापलीय, छोट्या.

वकील: छोट्या म्हणू नकोस. बाहेर गाडीत माझा पक्षकार बसलाय.

ताई: मग त्याच्यापाशी जाऊन बस. मला संध्याकाळच्या आत हॉटेलच्या चादरी द्यायच्यात.

वकील: तू काय केलंस याची कल्पना तरी आहे का तुला? घरगुती छळाचं विधेयक येतंय म्हणून आम्ही कुटुंब वाचवा मंच उभा केला. सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या. समितीने दोन्ही बाजूंच्या साक्षी ऐकायचं ठरवलं. त्यांच्याकडे रडणाऱ्या सुना होत्या. आम्हाला एक सासू हवी होती. वयस्कर, समजूतदार, स्वतःच्या धंद्यावर उभी असलेली. मी माझी सख्खी बहीण दिली.

ताई: दिली म्हणे. लग्नघरी सतरंजी देतात तशी.

वकील: अख्खं भाषण पाठ करून घेतलं तुझ्याकडून. आणि तू पहिल्याच वाक्याला घात केलास.

ताई: पहिलं वाक्य तुझंच म्हटलं की. संसारात भांड्याला भांडं लागायचंच. एवढं म्हटलं आणि पुढे सांगितलं, की आमच्याकडे मात्र भांडं सुनेच्या मनगटाला लागलं. कुकरचं झाकण होतं, आणि मारणारा माझा मुलगा होता. मारून झाल्यावर त्याने जेवायला वाढायला सांगितलं. तिला. त्याच हाताने.

वकील: सगळी समिती अवाक झाली.

ताई: कसली अवाक. कडेचे एक पेंगत होते, झोपमोड झाली म्हणून माझ्याकडे रागाने बघायला लागले. त्यांच्या शेजारच्या सोनेरी चष्मेवाल्यांनी विचारलं, बाई, असं एकदाच घडलं का वारंवार? मी म्हटलं, मोजलं नाही. तर म्हणाले, एखाद्या वेळी रागाच्या भरात झालेलं कायद्यात धरावं की नाही, यावर आमचा अजून विचार चाललाय. मी विचारलं, म्हणजे साहेब, पहिली फुकट का? आमच्या धंद्यातही पहिला शर्ट फुकट धुऊन देतात. गिऱ्हाइकाने परत यावं म्हणून.

वकील: वार्ताहर हसले. अध्यक्षांची शोभा झाली.

ताई: अध्यक्षांना काही झालं नाही. भावना पोहोचल्या म्हणाले आणि चहाची सुट्टी दिली. चहा बाकी चांगला होता.

वकील: त्या विधेयकात काय आहे ते तरी वाचलंस का? मारल्याची तक्रार आली की पुरुषाने घराबाहेर पडायचं. पोलीस येऊन त्याला त्याच्या घरातून काढणार. स्वतःच्या कमाईच्या घरातून. हा न्याय आहे?

ताई: आत्ता कोण बाहेर आहे?

वकील: म्हणजे?

ताई: कायदा तर अजून आलाच नाही. मग आत्ता घराबाहेर कोण आहे, ते सांग.

वकील: ती तिच्या मर्जीने गेली.

ताई: हो, मोठी हौस ना तिला. प्लास्टरमधला हात घेऊन ती या दुकानामागच्या खोलीत राहते, साबणाच्या पोत्यांना टेकून खाट टाकलीय. सुनावणी झाली त्या संध्याकाळपासून मीही तिथेच आहे. माझी पिशवी त्याने दाराबाहेर ठेवली होती. आतले कपडे नीट घडी घालून, हां. लॉन्ड्रीवालीचा मुलगा. आणि तो तिथे तीन खोल्यांत एकटा पाय पसरून बसलाय. त्याला कुणी बाहेर काढेल या धास्तीने तुमचा मंच सभा घेतो.

वकील: शेवटी घर फुटलंच ना?

ताई: मनगट फुटलं तेव्हा घर शाबूत होतं. मी तोंड उघडलं तेव्हा फुटलं. घर म्हणजे माझे ओठच म्हणायचे.

वकील: एवढं होतं तर माझ्याकडे यायचंस. मी वकील आहे. त्याचा मामा आहे.

ताई: आले होते. तिच्या गळ्यावर वळ दिसले तेव्हा तुझ्या ऑफिसात आले. तू चहा मागवलास आणि म्हणालास, घरातलं घरात राहू दे. जिन्यात तिला ढकललं तेव्हा फोन केला, तर म्हणालास, त्याची बढती तोंडावर आलीय, जरा सांभाळून घ्या. मग गेल्या आठवड्यात तुझा फोन आला. मी तिला दवाखान्यातून घेऊन नुकतीच आले होते. वाटलं, कुणाकडून तरी कळलं असेल, चौकशीला केला असेल. तर तू म्हणालास, ताई, मंचाला एक सासू हवीय.

वकील: मला मनगटाचं माहीत नव्हतं.

ताई: गळ्याचं माहीत होतं.

वकील: मला वाटलं, तू आई आहेस. मुलाच्या विरोधात जाणार नाहीस.

ताई: तुला वाटलं, ही दोनदा माझं ऐकून गप्प बसली, तिसऱ्यांदा चारचौघांत माझं भाषण म्हणेल.

वकील: त्याचं नुकसान दिसत नाही तुला? विमा कंपनीत शाखाप्रमुख होणार होता. पेपरात बातमी आली आणि त्यांनी नेमणूक थांबवली. रागीट आहे गं तो, पण वाईट नाही.

ताई: मीही हेच समजत होते. बापासारखा तापट, दुसरं काय. मग एकदा त्याच्या साहेबांना जेवायला बोलावलं होतं. साहेब याला सगळ्यांदेखत वाटेल ते बोलले. हा मान खाली घालून हसत होता, वर त्यांना पान आग्रहाने वाढत होता. साहेबांची गाडी वळली आणि याने दार लावून तिला मारलं. तेव्हा कळलं, याला राग आवरतो. छान आवरतो. कुठे आवरायचा आणि कुठे नाही, तेही पक्कं ठाऊक आहे. तापट माणूस परवडला, छोट्या.

वकील: ये सूनबाई, ये. बरं झालं आलीस. हात कसा आहे?

सून: बोटं हलतात, मामा.

वकील: मी तुझ्याच भल्याचं सांगत होतो. आई पत्र देतील, मी मध्यस्थी करेन, दोघी मानाने घरी चला. तो बदललाय. काल माझ्यासमोर बसून रडला.

सून: माझ्यासमोरही रडायचा. दर वेळी. मग उठून मलाच त्याला पाणी द्यावं लागायचं.

वकील: नवऱ्याला अरे-तुरे?

सून: हात मोडल्यापासून सोपं पडतंय.

वकील: पोरी, त्या विधेयकाच्या भरवशावर राहू नकोस. ते पुढच्या अधिवेशनावर ढकललंय. एकदा की वारंवार, या शब्दांवरच अडलंय. मंजूर होईल तेव्हा होईल.

ताई: तोवर मारणाऱ्यांना मुदत वाढवून दिली म्हण.

सून: मी थांबले नाही, मामा. आत्ता पोलीस ठाण्यातूनच येतेय. आहे त्या कायद्यात तक्रार दिली, हाताचा एक्स-रे दिला. हवालदार म्हणाले, चार भिंतींच्या आतलं आहे, साक्ष कोण देणार? आई, मी तुमचं नाव सांगितलं. तुम्हाला न विचारता.

ताई: विचारायचं काय त्यात? जेवलीस का?

सून: नाही अजून.

वकील: ताई, नीट विचार कर. समितीसमोर चार वाक्यं टाकून येणं वेगळं. कोर्टात तो समोर उभा असेल. तुझ्या पोटचा. आणि वकीलपत्र त्याने मला दिलंय. उलटतपासणी मी घेणार आहे तुझी. तू पिंजऱ्यात आणि मी समोर. चालेल तुला?

ताई: चालेल की. घरातलं घरातच राहील.

वकील: मी तुला सोडणार नाही, हे लक्षात ठेव. तुझं वय काढेन, कानांचं काढेन, सुनेच्या पैशांवर डोळा आहे म्हणेन.

ताई: म्हण. तिच्या पैशांवर माझ्या मुलाचा डोळा होता, मीही सांगेन. तू विचारत जा, मी सांगत जाईन. आईने दोघांनाही बोलायला शिकवलं, फी मात्र तू एकटा घेतोस.

वकील: तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही.

ताई: पक्षकार ताटकळला असेल. जाताना दार ओढून घे, धूळ येते. धुतलेल्या कपड्यांवर बसते.

सून: गेले का?

ताई: गेला. गाडीत बसण्याआधी कोट सारखा केला, भांग बसवला. ये, या चादरीचं टोक धर. डाव्या हाताने. ओढू नकोस, नुसतं धर.

सून: आई, ते खरंच तुम्हाला असं काहीबाही विचारतील?

ताई: विचारेल. लहानपणी अंधारात माझा पदर धरून चालायचा. त्याला घाबरायचं म्हटलं तरी जमायचं नाही.

सून: एक विचारू? मी तिथे नव्हते म्हणून. सुनावणीत तुम्ही नुसतं माझा मुलगा असं म्हणालात, का त्याचं नाव घेतलंत?

ताई: ते म्हणाले होते, नाव घ्यायची गरज नाही. आम्ही साक्षीदाराचा मुलगा एवढंच लिहू. तुमचीही बदनामी नको.

सून: मग?

ताई: घेतलं. ठेवलं मीच होतं ना.